रोजच्या ड्रायव्हिंगसाठी कमी किमतीचे जीपीएस यंत्र: ते पुरेसे आहे का आणि ते कसे वापरावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मोबाइल फोनवर विसंबून न राहता रोजच्या गाडीसाठी कमी किमतीचे, स्वतंत्र जीपीएस यंत्र घेतले तर ते पुरेल का, सकाळी सुरू केल्यावर ते आपली जागा शोधायला एवढा वेळ का घेते, आणि गाडी एका रस्त्यावर असताना ते कधी कधी शेजारचाच रस्ता का दाखवते. ही तिन्ही उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती एकत्रच देतो. जागा ओळखण्याच्या बाबतीत स्वस्त आणि महाग यंत्रांत रोजच्या वापरात जाणवेल असा फरक फार थोडा असतो. खरा फरक पडतो तो नकाशामुळे, पडद्यामुळे, आणि त्याहूनही अधिक म्हणजे गाडी हलवण्यापूर्वी चालक यंत्राची तयारी कशी करतो त्यामुळे. अनेक वर्षे चालकांना ही यंत्रे हाताळायला शिकवत आलो आहे. ज्यांच्या तक्रारी मिटल्या त्यांतल्या बहुतेकांना यंत्र बदलावे लागले नाही, फक्त वापरण्याची पद्धत बदलावी लागली.

स्वस्त यंत्र एवढे अचूक कसे, हे आधी समजून घेतले तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात आणि प्रत्येकात अणुघड्याळ असते. आपले यंत्र त्यांच्याकडे काहीही पाठवत नाही. ते फक्त त्यांचे संदेश ऐकते आणि प्रत्येक संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ लागला यावरून अंतर काढते. हा वेळ एका सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असतो, आणि त्यात एक दशलक्षांश सेकंदाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकते. यंत्रातले साधे क्वार्ट्झ घड्याळ एवढे काटेकोर असणे शक्यच नसते, म्हणून जागेचे तीन आकडे आणि स्वतःच्या घड्याळाची चूक असे चार अज्ञात सोडवण्यासाठी त्याला किमान चार उपग्रह लागतात. महागडा भाग आकाशात आहे आणि त्याचा खर्च वापरणाऱ्याला द्यावा लागत नाही, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य आहे. २ मे २००० पूर्वी अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे आणि त्यामुळे दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत सरकलेली असू शकत होती. ते बंद झाल्यापासून मोकळ्या आकाशाखाली साधे यंत्रही साधारण पाच ते दहा मीटरच्या आत जागा सांगते. खरेदी करताना या बाबतीत एकच गोष्ट पाहावी: यंत्र जीपीएसखेरीज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ किंवा चीनची बायडू यांपैकी आणखी एखादी उपग्रहमालिका ऐकते का. उंच इमारतींच्या मधल्या अरुंद रस्त्यावर आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते, आणि त्या पट्टीत जितके जास्त उपग्रह सापडतील तितके बरे.

आता सकाळच्या विलंबाकडे येतो. दूरवरचा उपग्रह नेमका कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय त्याच्यापासूनचे अंतर निरुपयोगी असते. ही नेमक्या कक्षेची माहिती उपग्रह स्वतःच पाठवतो, पण फक्त सेकंदाला ५० बिट या अतिशय संथ गतीने; एक पूर्ण संदेश ३० सेकंदांचा असतो आणि त्यातली कक्षेची माहिती साधारण चार तास उपयोगी राहते. सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक त्याच संदेशातून तुकड्यातुकड्याने येते आणि ते पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटे लागतात. मोबाइल फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात मिळवतो, म्हणून तो चटकन जागा दाखवतो. स्वतंत्र यंत्राला ती आकाशातूनच ऐकावी लागते. अर्ध्या तासापूर्वी बंद केलेले यंत्र काही सेकंदांत तयार होते. रात्रभर बंद असलेल्याला अर्धा ते एक मिनिट लागू शकते. महिनाभर कपाटात पडलेल्या किंवा शेकडो किलोमीटर दूर नेलेल्या यंत्राला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. यात बिघाड काहीही नसतो.

हा विलंब आपणच वाढवतो तो असा. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी सुरू होते, यंत्र तिथेच चालू केले जाते, त्याला काहीही ऐकू येत नाही. गाडी रॅम्पवरून वर येते आणि लगेच दाट झाडांच्या रस्त्याला लागते. फांद्यांमधून, इमारतींच्या कडांमधून संदेश तुटक तुटक येतो. कक्षेच्या माहितीचा एखादा भाग निसटला की तो पुढच्या फेरीत पुन्हा येईपर्यंत थांबावे लागते, आणि त्या फेरीत नेमका त्याच वेळी पूल आडवा येतो. तळघरातून बाहेर आल्यावर आकाश मोकळे दिसेल अशा जागी गाडी बाजूला घेऊन एक मिनिट उभी ठेवली, तर जे काम चालत्या गाडीत दहा मिनिटे रेंगाळले असते ते तेवढ्यात आटोपते. ते मिनिट वायाही जात नाही, कारण ठिकाण टाकणे आणि मार्ग नजरेखालून घालणे ही कामे तेव्हाच उरकायची असतात. बहुतेक यंत्रांत उपग्रहांच्या संदेशांची ताकद स्तंभांच्या रूपात दाखवणारे एक पान असते. विलंबाची तक्रार असेल तर सर्वांत आधी ते पान उघडावे. सगळेच स्तंभ ठेंगणे असतील तर अडचण जागेची किंवा काचेची आहे, आणि स्तंभ उंच असूनही जागा ठरत नसेल तर थोडे थांबण्याची गरज आहे.

काचेचा मुद्दा अनेकांच्या लक्षातच येत नाही. काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता परतवणारा धातूचा अतिशय पातळ थर असतो किंवा तिच्यात गरम होणाऱ्या बारीक तारा असतात. मुळातच क्षीण असलेला उपग्रहांचा संदेश त्यातून आणखी गाळला जातो. अशा काचेत बहुधा आतल्या आरशाजवळ थर नसलेला एक भाग मुद्दाम सोडलेला असतो. तो गाडीच्या माहितीपुस्तिकेत दाखवलेला असतो. यंत्र त्या बाजूला सरकवून पाहावे, किंवा बाहेरून अँटेना जोडण्याची सोय असेल तर ती वापरावी. दुसरे कारण म्हणजे विजेचा गोंगाट. हलक्या प्रतीचे यूएसबी चार्जर आणि काही डॅशकॅमेरे जवळपास रेडिओ लहरींचा एवढा गोंधळ करतात की शेजारचे जीपीएस यंत्र बहिरे होते. याची परीक्षा सोपी आहे: मोकळ्या जागी गाडी उभी करून स्तंभांचे पान उघडावे, मग चार्जर आणि कॅमेरा एकेक करून काढावा. स्तंभ एकदम उंचावले तर दोषी सापडला. यंत्रासोबत आलेला मूळ चार्जर वापरा, असा सल्ला मी आग्रहाने देतो तो याचसाठी.

यंत्र बसवायची जागा ठरवताना तीन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात: रस्त्याचा कोणताही भाग झाकला जाऊ नये, एअरबॅग उघडण्याच्या मार्गात ते येऊ नये, आणि नजर रस्त्यावरून फार खाली न नेता ते दिसावे. बहुतेक गाड्यांत काचेचा चालकाच्या बाजूचा खालचा कोपरा किंवा डॅशबोर्डचा मधला वरचा भाग योग्य ठरतो. काचेच्या मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर बसवलेले यंत्र सोयीचे वाटते, पण चौकात वळताना नेमका पादचारीच त्याच्यामागे झाकला जातो. काही देशांत काचेच्या कोणत्या भागावर काय लावता येते याचे नियमही आहेत. ते आपल्या ठिकाणी पाहून घ्यावेत. शोषकपकड लावण्याआधी काच आणि पकड दोन्ही ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी, नाहीतर थंडीत किंवा कडक उन्हात ती सुटते, आणि गाडी भरधाव असताना पायाशी पडलेले यंत्र हा खरोखरीचा धोका आहे.

गाडी उभी असताना यंत्राला आणखी एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे गाडीचे तोंड कोणत्या दिशेला आहे. स्वस्त यंत्रात होकायंत्र क्वचितच असते. दिशा ते केवळ हालचालीवरून ठरवते. त्यामुळे पार्किंगमधून बाहेर पडतानाची पहिली सूचना अनेकदा उलटी असते आणि उभ्या गाडीचा बाण पडद्यावर गरगर फिरतो. पहिली वीसतीस मीटर गाडी पुढे जाईपर्यंत आवाजाकडे लक्ष न देता, आधी पाहून ठेवलेल्या मार्गाप्रमाणे योग्य बाजूला बाहेर पडावे.

शेजारचा रस्ता दाखवण्यामागचे कारण थोडे खोलात जाऊन सांगण्यासारखे आहे, कारण रोजच्या गाडीत सर्वाधिक चुका त्यातूनच होतात. यंत्राला मोजून मिळालेली जागा आणि पडद्यावर दिसणारी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजलेला बिंदू पाचदहा मीटर इकडेतिकडे हलत असतो; तो तसाच दाखवला तर गाडी घरांतून आणि शेतांतून चालल्यासारखी दिसेल. म्हणून यंत्र तो बिंदू नकाशातल्या सर्वांत संभाव्य रस्त्यावर ओढून बसवते, आणि ते ठरवताना गाडीची दिशा, आधीचा मार्ग आणि आखलेला मार्ग यांचा विचार करते. दोन रस्ते शंभर मीटर दूर असतील तेव्हा ही युक्ती उत्तम चालते. महामार्ग आणि त्याला खेटून जाणारा सेवा रस्ता, किंवा उड्डाणपूल आणि त्याच्या खालचा रस्ता, अशा ठिकाणी ती अडखळते. तिथे दिशा सारखी, वेग कधी कधी सारखा आणि अंतर मोजमापाच्या चुकीएवढेच. उंचीचाही उपयोग होत नाही, कारण उपग्रह सगळे वरच्याच बाजूला असल्याने उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते, आणि नकाशात पुलाची उंची बहुधा नसतेच. उंच इमारतींमध्ये तर संदेश भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने येतो, अंतर जास्त मोजले जाते आणि बिंदू रस्त्याच्या पलीकडे उडी मारतो. शिवाय एक मार्गिका साधारण साडेतीन मीटर रुंद असते. तेव्हा आपण कोणत्या मार्गिकेत आहोत हे साध्या यंत्राला कळते, असे कोणीही समजू नये. काही यंत्रे चौकाआधी मार्गिकांचे चित्र दाखवतात. ते चित्र आपण कोणती मार्गिका धरावी हे सांगते, आपण कोणत्या मार्गिकेत आहोत हे नव्हे.

यावरचा उपाय यंत्राच्या बाहेर आहे. निघण्यापूर्वी वळणांची यादी उघडून ज्या दोनचार ठिकाणी पुलावर चढायचे की खालून जायचे, मुख्य रस्त्यावर राहायचे की सेवा रस्ता धरायचा असा प्रश्न येणार आहे, तेवढी ठिकाणे नजरेखालून घालावीत आणि तिथल्या दिशाफलकावर कोणते नाव शोधायचे ते लक्षात ठेवावे. फलक आणि यंत्र यांच्यात मतभेद झाला तर फलकाचे ऐकावे. तरीही चुकलो, तर चुकलो. त्या क्षणी जोरात ब्रेक लावणे, दोन मार्गिकांच्या मधल्या पट्ट्यांवर थांबणे किंवा मागे येणे यासारखी घातक गोष्ट नाही. यंत्र काही सेकंदांत नवा मार्ग आखते आणि फार तर पुढच्या बाहेर पडण्याच्या ठिकाणापर्यंत जावे लागते. नव्या चालकांना मी जाणीवपूर्वक एकदोन वळणे चुकवायला लावतो, म्हणजे चुकल्यावर काय होते ते त्यांना मोकळ्या रस्त्यावर शांतपणे पाहायला मिळते आणि पुढे घाबरण्याचे कारण उरत नाही.

बोगद्यात संदेश पूर्ण तुटतो. महाग यंत्रे वळण ओळखणाऱ्या संवेदकांच्या आधारे किंवा गाडीच्या चाकांच्या वेगावरून अंदाज चालू ठेवतात. स्वस्त यंत्र शेवटचा वेग धरून बाण पुढे सरकवत राहते किंवा थांबते. बोगद्याच्या आत किंवा त्यातून बाहेर पडल्या पडल्या फाटा असेल तर तो आधीच माहीत करून घ्यावा.

आता नकाशाकडे वळतो, कारण पैसे द्यायचेच असतील तर ते यासाठी द्यावेत. यंत्राच्या दृष्टीने रस्ता म्हणजे बिंदूंना जोडणारी रेषा आणि तिला चिकटवलेली माहिती: एकेरी आहे का, किती वेगाने जाता येते, कुठे वळण्यास मनाई आहे, पक्का आहे की कच्चा. ही माहिती चुकीची किंवा जुनी असेल तर उपग्रहांची सारी अचूकता वाया जाते. खरेदीपूर्वी नकाशे किती काळ आणि कोणत्या प्रदेशांसाठी विनामूल्य बदलून मिळतात ते पाहावे. ‘आजीवन नकाशे’ असे लिहिलेले असते तेव्हा ते आयुष्य आपले नसते आणि यंत्र चालू राहील तितकेही नसते, तर निर्माता त्या मॉडेलला आधार देईल तेवढे असते. साठवणक्षमता हा त्याला जोडून येणारा प्रश्न आहे. कमी किमतीच्या यंत्रात जागा जेमतेम असते, आणि दोनतीन वर्षांनी नवा नकाशा मोठा झाला की तो मावत नाही. म्हणून मेमरी कार्डाची खाच आहे का हे जरूर पाहावे. जुनी यंत्रे बहुधा ३२ जीबीपेक्षा मोठे कार्ड ओळखत नाहीत. सर्व देशांचे नकाशे ठेवण्याऐवजी आपल्याला लागणारा प्रदेशच निवडण्याची सोय असते, ती वापरली की नकाशा बदलण्याचे काम लवकर होते. ते करताना संगणकाची तार मध्येच काढू नये. अर्धवट राहिलेला बदल हे यंत्र कायमचे अडकण्याचे नेहमीचे कारण आहे. काही यंत्रांवर २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून बनलेल्या नकाशाची रूपांतरे टाकता येतात, आणि निर्मात्याने नकाशे देणे थांबवले असेल तेव्हा तो चांगला पर्याय ठरतो. मात्र असा नकाशा घेतल्यावर पत्ता शोधण्याची सोय नीट चालते ना, हे घरीच तपासून घ्यावे.

पत्ता टाकूनही माणूस भलत्या ठिकाणी पोहोचतो, याची दोन कारणे नेहमी आढळतात. एक म्हणजे, यंत्राकडे प्रत्येक घराची जागा नसते. रस्त्याच्या दोन टोकांचे क्रमांक माहीत असतात आणि मधला क्रमांक ते अंदाजाने बसवते. रुग्णालय किंवा कारखाना अशा मोठ्या आवारांच्या बाबतीत तर नकाशातला बिंदू आवाराच्या मध्यावर असतो, आणि त्या बिंदूला सर्वांत जवळचा रस्ता मागच्या कुंपणाबाहेरचा असू शकतो. जिथे पुन्हा जायचे आहे तिथे प्रवेशद्वाराशी पोहोचल्यावर ती जागा आवडत्या ठिकाणांत जतन करून ठेवावी. रोज माल पोहोचवणाऱ्या किंवा घरोघरी सेवा देणाऱ्या चालकाची अशी जतन केलेली यादी काही महिन्यांत कोणत्याही विकतच्या नकाशापेक्षा मोलाची होते, आणि तिची प्रत संगणकावर काढून ठेवायला हवी.

दुसरे कारण अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या पद्धतीचे आहे. तेच अक्षांश दशांश अंशांत लिहिता येतात किंवा अंश आणि मिनिटांत लिहिता येतात. कोणी ४०.३० अंश असे पाठवले आणि आपण ते ४० अंश ३० मिनिटे असे टाकले, तर ४०.३० म्हणजे खरे तर ४० अंश १८ मिनिटे असल्यामुळे बारा मिनिटांची, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरची चूक होते. यंत्र काहीच हरकत घेत नाही, कारण दोन्ही जागा पृथ्वीवर आहेत. यंत्राच्या मांडणीत दशांश अंश ही पद्धत एकदा निवडून ठेवावी आणि टाकल्यानंतर एकूण अंतर अपेक्षेच्या जवळपास आहे का ते पाहावे. दशांशानंतर चार आकडे असले तर जागा सुमारे अकरा मीटरपर्यंत नेमकी होते. गाडीसाठी तेवढे पुष्कळ झाले.

मार्ग निवडताना यंत्र प्रत्येक रस्त्याला काहीतरी किंमत लावते आणि एकूण सर्वांत कमी किमतीची वाट शोधते. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आणि तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या या कामाच्या मुळाशी आहेत. गणित बिनचूक असते. प्रश्न असतो तो किमतीचा. ‘सर्वांत कमी अंतर’ हा पर्याय निवडला की किंमत केवळ किलोमीटरची होते आणि अर्धा किलोमीटर वाचवण्यासाठी यंत्र आपल्याला गल्ल्यांतून, दहा चौकांतून नेते. रोजच्या वापरासाठी ‘सर्वांत कमी वेळ’ हाच पर्याय ठेवावा आणि कच्चे रस्ते टाळण्याची सूचना कायम चालू ठेवावी. टोल आणि फेरीबोट टाळण्याच्या सूचना मात्र त्या त्या दिवसाच्या गरजेनुसार बदलाव्यात, कारण एकदा लावून विसरलेली अशी सूचना पुढे कित्येक महिने लांबच्या वाटेने फिरवत राहते. यंत्र अचानक विचित्र मार्ग दाखवू लागले तर नकाशाला दोष देण्यापूर्वी ही मांडणी तपासावी. दोष बहुधा तिथेच सापडतो. पोहोचण्याची वेळही याच किमतींवरून निघते. स्वस्त यंत्र रस्त्याच्या प्रकारानुसार ठरावीक वेग धरते आणि सिग्नल, गर्दी, पार्किंग शोधणे यांचा हिशेब करत नाही. शहरात त्याने दाखवलेल्या वेळेत चौथा भाग वाढवून निघावे, हा माझा सर्वसाधारण सल्ला असतो.

इथेच फोनशी तुलना प्रामाणिकपणे करायला हवी. रोजचा घर ते कामाचे ठिकाण हा मार्ग आपल्याला पाठ असतो. तिथे मार्गदर्शकाची गरज असते ती फक्त आज कुठे कोंडी आहे हे कळण्यासाठी, आणि ती माहिती फोनच्या अॅपमध्ये सर्वांत ताजी असते. साध्या यंत्रात ती एकतर नसते, किंवा चार्जरच्या तारेतल्या एफएम अँटेनातून मोजक्या प्रदेशांत मिळते, किंवा ब्लूटूथने फोनकडूनच घ्यावी लागते. एवढ्यासाठीच यंत्र घ्यायचे असेल तर घेऊ नये. नवनवीन पत्त्यांवर जाणे, मोबाइल नेटवर्क नसलेल्या भागातून प्रवास, एकाच गाडीचे अनेक चालक, फोनची बॅटरी आणि कॉल मोकळे ठेवण्याची गरज, यांपैकी काही असेल तर स्वतंत्र यंत्र आपली किंमत भरून काढते. ते गाडीतच राहते, सुरू केले की तेच एक काम करते आणि ऐन वळणावर पडद्यावर कोणाचा संदेश झळकत नाही. फोनवरही नकाशे आधी उतरवून ठेवता येतात, हे खरे. पण ते आठवणीने करणारे चालक मला फार थोडे भेटले आहेत.

वेगाविषयी अनेक जण विचारतात, कारण यंत्रावरचा वेग गाडीच्या वेगदर्शकापेक्षा बहुधा कमी दिसतो. यंत्र बिघडलेले नसते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक ३९ क्रमांकाच्या नियमानुसार, जो अनेक देश पाळतात, वेगदर्शकाने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवायचा नसतो, आणि जास्त दाखवायला खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर एवढी मुभा असते. म्हणजे खरा वेग ताशी ८० असताना काटा ९२ पर्यंत गेला तरी तो नियमात बसतो. सरळ, सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना यंत्राचा आकडा अधिक विश्वासाचा असतो. वेग वाढवताना किंवा कमी करताना तो एखादा सेकंद मागे राहतो. तरी वेगमर्यादा पाळताना काट्याकडेच पाहावे, आणि यंत्राने दाखवलेल्या वेगमर्यादेपेक्षा रस्त्याकडेचा फलक प्रमाण मानावा, कारण नकाशातली मर्यादा जुनी असू शकते आणि रस्त्याच्या कामासाठी लावलेली तात्पुरती मर्यादा त्यात नसतेच. वेगकॅमेऱ्याची पूर्वसूचना देणारी सोय जर्मनी, स्वित्झर्लंड अशा काही देशांत वाहन चालवताना वापरणे बेकायदा आहे; सीमा ओलांडण्यापूर्वी ती बंद करावी.

पडद्याकडे पाहण्याबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाडीतील उपकरणांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत एका वेळी नजर रस्त्यावरून दोन सेकंदांपेक्षा अधिक हटू नये आणि एका कामासाठी एकूण बारा सेकंदांपेक्षा अधिक हटू नये, असे म्हटले आहे. ताशी ६० च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर पुढे जाते. पत्ता टाइप करायला बारा सेकंद पुरत नाहीत. म्हणून चालत्या गाडीत पत्ता टाकायचा नाही, मग रस्ता कितीही मोकळा असो. सूचना कानाने घ्याव्यात. आवाज रेडिओच्या वर ऐकू येईल एवढा आधीच लावावा, आणि रस्त्यांची नावे उच्चारणारा आवाज उपलब्ध असेल तर तोच निवडावा, कारण ‘पुढे डावीकडे वळा’ एवढेच ऐकू आले की कोणत्या डावीकडे, हे पाहायला डोळे पुन्हा पडद्याकडे जातात. पडद्यावर गाडीची दिशा वरच्या बाजूला ठेवावी, अनावश्यक दुकानांची आणि पेट्रोलपंपांची चिन्हे बंद करावीत, आणि रात्रीचे रंग आपोआप लागतील असे पाहावे. अंधारात पांढराशुभ्र पडदा डोळे दिपवतो आणि पुढच्या काचेत त्याचे प्रतिबिंब पडते.

यंत्राची बॅटरी तारेविना एकदोन तासच टिकते आणि काही वर्षांत तीही घटते. ती केवळ घरी मार्ग आखण्यापुरती आहे असे समजून गाडीत यंत्र तारेवरच चालवावे. उन्हात उभ्या गाडीच्या काचेवर ते ठेवू नये. उष्णतेने बॅटरी फुगते, आणि फुगलेल्या बॅटरीमुळे पडदा कडेने उचललेला दिसला तर ते यंत्र चार्जिंगला न लावता बाजूला काढावे. यंत्र काढून नेताना काचेवरचा शोषकपकडीचा गोल डागही पुसावा, कारण चोराला तो डाग पुरेसा असतो.

जुने, वापरलेले यंत्र घेण्याचा विचार असेल तर विक्रेत्याकडून ते मोकळ्या जागी सुरू करून घ्यावे आणि जागा निश्चित झाल्यावर त्यावरची तारीख पाहावी. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांत मावतो, म्हणून दर १०२४ आठवड्यांनी तो पुन्हा शून्यावर येतो. असे २१ ऑगस्ट १९९९ आणि ६ एप्रिल २०१९ रोजी झाले आणि पुढे २० नोव्हेंबर २०३८ रोजी होईल. ज्या जुन्या यंत्रांचे सॉफ्टवेअर सुधारलेले नाही ती सुमारे वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवतात. त्यांपैकी काही जागा बरोबर सांगतात, पण त्यांची दिवसाची आणि पोहोचण्याची वेळ चुकते, आणि काहींना उपग्रह शोधायला फार वेळ लागतो. निर्मात्याकडे सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती नसेल तर असे यंत्र घेऊ नये. त्याच वेळी नकाशाची आवृत्ती, चार्जरची खाच सैल नाही ना, आणि पडद्याच्या चारही कोपऱ्यांत स्पर्श ओळखला जातो का, एवढे पाहिले की तपासणी पूर्ण होते. उलट आपले यंत्र विकताना किंवा कोणाला देताना ते मूळ स्थितीत आणावे, म्हणजे त्यातली जतन केलेली ठिकाणे आणि फिरल्याचा इतिहास पुसला जाईल. ‘घर’ या नावाखाली स्वतःच्या दाराऐवजी जवळच्या चौकाची जागा सुरुवातीपासूनच ठेवलेली बरी. तिथून पुढचा रस्ता सांगायला यंत्र लागत नाही, आणि यंत्र चोरीला गेले तरी आपला पत्ता चोराच्या हाती लागत नाही.